पोटासाठी झांशीस

मराठी माणूस नर्मदेच्या उत्तरेस दोन रीतींनी गेला. एक रीत फौजेची, दुसरी चाकरीची. पहिलीचे पोवाडे झाले आणि दुसरीचे हिशेब राहिले. हिशेबाचे कागद वाचण्याची हौस सामान्य वाचकास नसते. त्यामुळे उत्तरेतील मराठ्यांचा इतिहास म्हणजे घोड्यांच्या टापांचा इतिहास, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः १७५८ साली अटकेपर्यंत गेलेले घोडे फार दिवस तेथे थांबले नाहीत. मागे राहिले ते कारकून, कमाविसदार, फडणीस, पुराणिक, वैद्य, आचारी आणि भिक्षुक. बदलीचा हुकूम हाती पडताच सामान बांधून, मुलांच्या शाळेचे दाखले काढून, अनोळखी गावी बिऱ्हाड थाटणारे आपण सर्व जण पेशाने या दुसऱ्या टोळीचे वारस आहोत. त्या टोळीचा इतिहास आपल्या कामाचा आहे, म्हणून त्यातील एक प्रकरण येथे मांडावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या विषयातील शब्दच पाहावेत. नोकरी, चाकरी, हुद्दा, तैनात, मुशाहिरा, बदली, वशिला, उमेदवार हे सर्व शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्या घरात आले आणि घरचेच झाले. त्यांतील ‘उमेदवार’ हा शब्द आम्हांस विशेष बोलका वाटतो. जुन्या कचेऱ्यांत जागा रिकामी होईपर्यंत तरुण माणूस बिनपगारी काम शिकत बसे; त्यास ‘उमेदवारी करणे’ म्हणत. त्याच्यापाशी हुद्दा नसे, वेतन नसे, केवळ उमेद असे, आणि त्या उमेदीवरूनच त्याचे नाव पडले. आज स्पर्धा-परीक्षांच्या अर्जावर तोच शब्द छापलेला असतो. परंतु त्यामागे बसलेला तो आशाळभूत, काटकसरी, दारातल्या प्रत्येक पावलाकडे पाहणारा मनुष्य आपण विसरलो आहोत.

अशाच एका उमेदवाराची हकीकत मराठीत त्याच्या स्वतःच्या हातची लिहिलेली आहे. ते गृहस्थ म्हणजे पेणजवळील वरसई गावचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १८५७ च्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून सर्वांस ठाऊक आहे, आणि झांशीची राणी त्यात भेटते म्हणून ते वाचले जाते. त्या पुस्तकाचा आरंभ मात्र राणीपासून होत नाही. तो कर्जापासून होतो. घरचे दारिद्र्य, डोक्यावरचे देणे आणि ते फेडण्याची चिंता यांमुळे एक तिशीच्या घरातला भिक्षुक घर सोडून निघाला, ही त्या ग्रंथाची पहिली गोष्ट आहे. त्याला क्रांती पाहावयाची नव्हती. त्याला काम हवे होते.

हे काम शोधण्यासाठी कोकणातल्या माणसाने थेट मथुरेकडे का पाहावे, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. पेशवाई होती तोवर पुण्यास श्रावणमासात दक्षिणा वाटली जाई आणि दूरदूरचे वैदिक तेथे जमत. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. पण तिचा ओघ ते आटवीत गेले आणि पैसा शाळा-पाठशाळांकडे वळला. शिक्षणाच्या दृष्टीने ते इष्ट होते असे आज आपण म्हणू. परंतु घोकलेल्या ऋचांवर ज्यांचे पोट होते त्यांच्या दृष्टीने एक संपूर्ण पेशाच मोडीत निघाला. नवी विद्या शिकण्याचे वय उलटलेले, जुन्या विद्येस गिऱ्हाईक नाही, अशी ती अवस्था. एखाद्या यंत्राने किंवा नियमाने आपले काम रातोरात निरुपयोगी ठरावे, हा अनुभव आपल्याच काळाचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

अशा वेळी वार्ता आली की, दौलतराव शिंदे यांच्या विधवा पत्नी बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात सात-आठ लाख रुपये खर्च होणार आहेत. आजच्या भाषेत म्हणावयाचे तर ही मोठ्या भरतीची जाहिरात होती. विष्णुभटांनी जाण्याचे ठरविले. मुलूख दूरचा, तेथील लोक भांग पिणारे, तेथे गेलेला मुलगा परत येईल की नाही कोण जाणे, असे भय घरच्यांस वाटणे साहजिक होते. अखेर काका रामभट बरोबर निघाले आणि १८५७ च्या प्रारंभी चुलते-पुतणे पुण्याच्या वाटेस लागले. पुढे नगर, सातपुडा, महू. महूच्या आसपास शिपायांच्या तोंडून काडतुसांची कुजबुज कानी आली. शहाणपण परत फिरण्यात होते; पण मागे कर्ज उभे होते. दोघे पुढेच गेले.

यज्ञाची दक्षिणा त्या धामधुमीत दूरच राहिली. माळवा, ग्वाल्हेर असे हिंडत ते झांशीस पोहोचले. झांशीत दक्षिणी मंडळींची वस्ती होती, ओळखीपाळखी निघत होत्या, आणि राज्यावर एक विद्वानांची कदर करणारी राणी होती. उमेदवारास याहून अधिक काय हवे? राणीच्या आश्रयास विष्णुभट राहिले आणि त्यांस थोडीबहुत प्राप्तीही होऊ लागली.

येथे कथा क्षणभर थांबवून झांशीकडेच पाहिले पाहिजे. कारण हे गाव मुळातच मराठ्यांच्या नेमणुकीचे गाव. ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ च्या सुमारास येथे टेकडीवर किल्ला बांधला. पुढे महंमदखान बंगशाने छत्रसाल बुंदेल्यास कोंडीत धरले असता १७२९ साली पहिला बाजीराव मदतीस धावला, आणि त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यास दिला. बुंदेलखंडात मराठी अंमल आला तो असा. १७४२ मध्ये नारो शंकर यांची या भागी नेमणूक झाली. त्यांनी किल्ला वाढविला, त्या भागास शंकरगड हे नाव पडले, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी वसाहत करून गावास शहराचे रूप आणिले. सुमारे पंधरा वर्षे असे खपून झाल्यावर, १७५७ मध्ये, त्यांस पेशव्याने माघारी बोलाविले. आपल्यापैकी ज्यांनी एखादे धरण, एखादी शाळा, एखादे कार्यालय उभे केले आणि उद्‌घाटनापूर्वीच बदलीचा कागद घेतला, त्यांस नारो शंकर यांच्या मनाची कल्पना येईल. सरकारी चाकरीचा हा पहिला नियम फार जुना आहे.

नारो शंकरांच्या मागून आणखी काही सुभेदार आले आणि गेले. १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर आले. हे घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील लांज्याजवळच्या कोट गावचे. तेही आले हुकमाचे ताबेदार म्हणूनच. पण त्यांची बदली झाली नाही. त्यांच्या मागून बंधू शिवरावभाऊ, त्यांच्या मागून नातू रामचंद्रराव. मध्यंतरी पुण्याचे धनीच दुबळे झाले. १८०४ मध्ये शिवरावभाऊंनी इंग्रजांशी तह केला. १८१७ मध्ये रामचंद्ररावांचा अधिकार इंग्रजांनी वंशपरंपरेचा म्हणून मान्य केला. ज्या घराण्याचा मूळ पुरुष सुभेदारीवर रुजू झाला, त्या घराण्यातील सून पुढे झांशी आपली म्हणून ती देण्याचे नाकारते, हा प्रवास साऱ्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा आहे. नोकरीचे गाव आपले गाव कसे होते, याचे इतके ठळक उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

त्या सुनेचे माहेरही चाकरीचेच. मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीस होते. आप्पा निवर्तले आणि मोरोपंतांस नवा आश्रय पाहावा लागला. ते ब्रह्मावर्तास बाजीरावाकडे गेले. मनकर्णिकेचे बालपण अशा एका आश्रिताच्या घरात गेले. १८४२ मध्ये गंगाधररावांशी तिचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. झांशीच्या गणेशमंदिरात हा विवाह झाला, आणि ते मंदिर तेथील मराठी मंडळींनी आजवर जपले आहे. जावई राजा झाला म्हणून मोरोपंतही झांशीस आले. शेवटी १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांस फाशी दिली. काशी, ब्रह्मावर्त, झांशी: तीन धन्यांची, तीन गावांची ही चाकरी.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झांशी खालसा झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत या घटनेची चर्चा दत्तकाच्या हक्काच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. परंतु संस्थान खालसा झाले म्हणजे केवळ एका घराण्याची गादी गेली असे नव्हे. दरबारची फौज पगार चुकता करून घरी पाठविण्यात आली. पागेवाला, तोफखान्याचा गोलंदाज, दप्तरातला मोडी लिहिणारा कारकून, देवळातला पुजारी, वाड्यातला आचारी, या सर्वांच्या घरची चूल दरबारावर पेटत होती. महालक्ष्मीच्या देवळाकडे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्नही सरकारने घेतले. राणीस दरमहा ५,००० रुपयांचा तनखा ठरला, आणि पतीच्या वेळचे संस्थानचे देणे त्या तनख्यातूनच वळते करण्याचा घाट सरकारने घातला. राणीने अर्ज केले, खलिते लिहिले, जॉन लँग नावाच्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलास बोलावून सल्ला घेतला. १८५४ ते १८५७ ही तीन वर्षे तलवारीची नव्हती, अर्जांची होती. सरकारदरबारी उत्तराची वाट पाहत बसणे म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी त्या तीन वर्षांचा विचार अवश्य करावा. १८५७ च्या जूनमध्ये झांशीच्या छावणीत शिपाई उठले, गोऱ्यांची कत्तल झाली, आणि राज्य पुन्हा राणीच्या हाती आले.

विष्णुभट झांशीत राहिले ते या पुढच्या काही महिन्यांत. आमच्या मते त्यांच्या ग्रंथाचे खरे मोल या भागात आहे. दक्षिणेसाठी आलेला भिक्षुक दक्षिणा मोजून स्वस्थ बसला असता तर त्यास कोणी दोष दिला नसता. हा मनुष्य मात्र पाहत राहिला. राणी पहाटे उठून व्यायाम कशी करते, घोड्यावर कशी बसते, स्नानपूजेनंतर दरबारात येऊन काम कसे पाहते, कागद स्वतः कशी लिहिते. थंडीत कुडकुडणारे भिकारी दृष्टीस पडताच त्यांस टोप्या, बंड्या आणि कांबळी देण्याचा हुकूम कसा सोडते. हे सर्व त्याने मनात टिपून ठेविले. राजवाड्यातील पुस्तकसंग्रहाची त्याने दखल घेतली. राज्यकर्ता आपले रोजचे काम कसे करतो, हे त्याला सांगण्याजोगे वाटले. पराक्रमाची वर्णने पुष्कळांनी केली. दिनचर्येचे वर्णन करावयास उमेदवाराचीच नजर लागते, कारण धन्याच्या उठण्याबसण्यावर त्याचे पोट अवलंबून असते.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज झांशीपुढे आला. सुमारे दोन आठवडे वेढा चालला. तात्या टोपे मदतीस आले, पण बेतवेच्या काठी त्यांचा मोड झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज शहरात शिरले, राणी रात्री किल्ल्यातून निसटली, आणि मागे शहरात कत्तल व लूट माजली. विष्णुभट तेव्हा शहरात अडकलेले होते. लुटीलाही एक क्रम असतो, हे त्यांच्या लिहिण्यावरून कळते. आधी सोने-रुपे जाते, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, शेवटी धान्य. पुस्तकालयाची धूळधाण झाली. जवळ जमविलेले द्रव्यही या लुटीत गेले. ज्या कर्जासाठी घर सोडले ते कर्ज तसेच, आणि प्राण वाचले हीच काय ती कमाई.

अशा वेळी हा मनुष्य काय करतो? तो स्नान करतो, संध्या करतो, मिळेल ते खातो आणि पुढच्या गावची वाट धरतो. यात वीरश्री नाही. परंतु चहूकडे सर्व काही कोसळत असता आपला रोजचा नेम न सोडणे, हा धैर्याचाच एक प्रकार आहे असे आम्हांस वाटते. कचेरीत, परगावी, आजारपणात, अपमानातही माणसास सावरून धरतो तो त्याचा नित्यक्रम. मोठ्या तत्त्वांचा आधार प्रसंगी सुटतो. सकाळच्या कामाचा आधार सुटत नाही.

याच वाटचालीत काल्पीच्या बाजूस एका विहिरीपाशी विष्णुभटांस राणी पुन्हा भेटली. अंगावर पठाणी वेष, सर्वांग धुळीने माखलेले, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे झाले. तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये असे म्हणून तिने स्वतः पाणी काढले आणि मातीच्या भांड्याने ती प्याली. आपल्यासारख्या विधवेस अर्धा शेर तांदूळ पुरे होता, हे सर्व अंगावर घेण्याची गरज नव्हती, अशा अर्थाचे काही तिने बोलून दाखविले. दरमहा ५,००० रुपयांवर जिची सरकारने बोळवण करू पाहिली, ती आपली गरज अर्ध्या शेरात मोजते. आणि ज्याची खरोखर अर्ध्या शेराची भ्रांत आहे तो समोर उभा राहून हे ऐकतो! पोटासाठी करावयाचे काम आणि पोटापलीकडचे काम, ही दोन्ही त्या विहिरीपाशी एकमेकांसमोर आली. विष्णुभटांनी तो प्रसंग लिहून ठेविला. त्यावर टीका केली नाही, आणि आपण लहान ठरलो असेही म्हटले नाही. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस राणी पडली.

विष्णुभट पुढे चित्रकूट, काशी, अयोध्या अशी तीर्थे करीत, पुन्हा पुन्हा लुबाडले जात, सुमारे अडीच-तीन वर्षांनी वरसईस परतले. खिशात द्रव्य नव्हते. खांद्यावर गंगेची कावड होती. त्या उदकाने त्यांनी आईबापांस स्नान घातले. अपत्य परगावी जाऊन यशस्वी होऊन आले की नाही, हे मोजण्याचे घरचे माप पगाराच्या आकड्याहून निराळे असू शकते, हे आमच्या पिढीने सहसा ध्यानी घेतले नाही.

पुढे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सूचनेवरून विष्णुभटांनी ही हकीकत लिहिली. गोडसे हे वैद्यांचे कुलोपाध्याय होते. सरकारचे भय होते, म्हणून लेखकाच्या हयातीत ती छापावयाची नाही असे ठरले. १९०७ साली वैद्यांनी तिच्यावर आपला हात फिरवून ती प्रसिद्ध केली. मूळ लिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली ते जसेच्या तसे छापले. मध्यंतरी अमृतलाल नागर यांनी ते हिंदीत नेले होते. अलीकडे इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. ज्या मुलुखात विष्णुभट दक्षिणेसाठी गेले होते, तेथील लोक आज आपल्या शहराच्या भिंतीआड १८५८ मध्ये काय झाले हे समजून घेण्यासाठी एका कोकणी भिक्षुकाचे शब्द वाचतात. झांशीस जे मिळाले नाही असे त्यांस वाटले असेल, ते त्यांनी झांशीस देऊन ठेविले होते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळला तर आमचे लिहिणे एकांगी होईल. मराठी अंमलाची आठवण काढताना तो तेथील लोकांस कसा वाटला असेल, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही. ओरछाकरांच्या दृष्टीने मराठे हे त्यांचा मुलूख घेऊन बसलेले परके होते. १८५७ मध्ये ओरछाचा दिवाण नथेखान झांशीवर चालून आला त्यामागे जुना सलही होताच. शिवाय विष्णुभटांस ठिकठिकाणी दारे उघडली ती काही अंशी त्यांच्या जातीमुळे. सर्वच उमेदवारांच्या नशिबी ते नव्हते. पण याच्या दुसऱ्या बाजूस हेही पाहावे की, वेढ्याच्या वेळी झांशीच्या तटावर उभे होते ते केवळ दक्षिणी नव्हते. तोफेवर गुलाम गौसखान होते. बुंदेले होते, अफगाण होते, कोरी समाजातील स्त्रीपुरुष होते. झलकारीबाईंचे नाव तेथील लोक आजही राणीच्या बरोबरीने घेतात. नेवाळकरांस झांशी कोणी दिली? पुण्याहून सनद आली, कलकत्त्याहून तह झाला, आणि ते दोन्ही कागद वेळ येताच निरुपयोगी ठरले. उरली ती माणसे. नेमणूक हुजुरातून मिळते, पण गाव ज्याचे त्यालाच द्यावे लागते.

बंडानंतरही झांशी आणि मराठी चाकरी यांचा संबंध तुटला नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी शहर व किल्ला शिंद्यांस दिला, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात तो परत घेतला; म्हणजे मधली पंचवीस वर्षे तेथे ग्वाल्हेर दरबारचा अंमल होता. त्यानंतर आगगाडी आली. इंडियन मिडलँड कंपनीने झांशीस मोठे जंक्शन केले, १८९५ मध्ये तेथे कारखाना निघाला, आणि १९०० साली त्या रेल्वेचा कारभार बोरीबंदरच्या जी. आय. पी. कंपनीकडे आला. विष्णुभटांस जी वाट महिनोन्‌महिने चालावी लागली ती एका रात्री-दिवसाची झाली. २००३ पासून झांशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत मोडतो आणि स्थानकास आता राणीचे नाव आहे. पण मुंबईहून दिल्लीस निघालेला नवखा उमेदवार आजही त्याच फलाटावर उतरून पाण्याची बाटली भरतो.

येथे राहून गेलेल्या मराठी कुटुंबांतूनच रघुनाथ विनायक धुळेकर पुढे आले. झांशीत १८९१ मध्ये जन्मलेले हे वकील घटना समितीचे सभासद होते, आणि १९५२ मध्ये झांशीतून लोकसभेवर निवडून गेले. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत त्यांनी हिंदुस्थानीतच बोलण्याचा असा हट्ट धरला की सभागृहात गोंधळ उडाला. त्यांच्या आग्रहाचा सूर आम्हांस मान्य होण्याजोगा नाही. परंतु धुळेकर या आडनावाचा मनुष्य उत्तरेच्या भाषेसाठी इतक्या त्वेषाने भांडतो, यात सुभेदारीवर आलेल्यांची मुळे किती खोल गेली होती हे दिसते.

आता आपल्याकडे वळू. परगावी नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींची एक नित्याची मनोवृत्ती आहे. गाव हे आम्हांस फलाटासारखे वाटते. भाषा कामापुरती शिकावयाची, शेजार नमस्कारापुरता ठेवावयाचा, सणावारी आपल्याच मंडळींत जमून पुरणपोळी आणि ‘आपल्याकडे असे नसते’ ही दोन्ही वाटून घ्यावयाची, आणि बाकीचे दिवस दिनदर्शिकेवर मोजावयाचे. यात आम्ही स्वतःस वगळीत नाही. घर सुटल्याचे दुःख खोटे नसते, आणि आई-बाप दूर असताना फोनच्या घंटेसरशी दचकणारे मन कोणत्या गावात कसे रमेल? पण अशा वृत्तीने तीस वर्षांची चाकरी केली, तर निवृत्तीच्या दिवशी हातात उरते ती केवळ गावांच्या नावांची यादी.

नव्याने नोकरी शोधणाऱ्यांस आमचे सांगणे थोडे निराळे आहे. पोटासाठी घर सोडण्यात कमीपणा नाही. मोठेपणाच्या कथा ऐकून आपल्या छोट्या कामाची लाज बाळगणारे तरुण आम्ही पाहतो. त्यांस असे वाटते की ध्येयासाठी निघणारे ते निराळे आणि पगारासाठी निघणारे आपण निराळे. झांशीच्या कथेत हे दोन वर्ग असे सुटे पडत नाहीत. नारो शंकर हुकमाने आले, मोरोपंत आश्रयासाठी आले, विष्णुभट कर्जापायी आले. येण्याचे कारण पोटच होते. आल्यावर एकाने शहर वसविले, एकाच्या लेकीने ते राखण्यासाठी प्राण वेचले, आणि एकाने ते कसे होते हे लिहून ठेविले. ज्या जाहिरातीच्या मागे आपण निघालो ती जागा मिळतेच असे नाही. मथुरेचा यज्ञ विष्णुभटांस फळला नाही. वाटेत दुसरेच एखादे झांशी लागते, आणि आपले काम तेथे असते.

लक्ष्मीतलावाच्या काठी गंगाधररावांची छत्री आहे आणि जवळच नेवाळकरांच्या कुलस्वामिनीचे, महालक्ष्मीचे देऊळ आहे. आपल्यापैकी कोणाची बदली त्या बाजूस झाली, तर एका संध्याकाळी तेथे जाऊन बसावे. तेथील पुजाऱ्याशी, नावाड्याशी, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलावे, आणि बिऱ्हाडी परतल्यावर ते लिहून ठेवावे. कशासाठी, हे त्या दिवशी कळणार नाही. विष्णुभटांसही पंचवीस वर्षे कळले नव्हते.